चटईखालची जागा

फुआतिनोच्या गावातल्या घरांना भिंती नव्हत्या. गोल ओट्यावर लाकडी खांब, वर छप्पर, आणि मधून आरपार वारा. अशा गावात अबोला धरणं हे कष्टाचं काम असतं. भिंत असली की माणूस दार लावून घेतो आणि सुटतो. इथं फुआतिनो सकाळी अंगण झाडायला वाकली की रस्त्यापलीकडे आपेरिलाही झाडायला वाकलेली दिसे. मग दोघींपैकी एकीला पाठ फिरवावी लागे. अकरा वर्षं त्या आळीपाळीनं पाठ फिरवत आल्या होत्या. आज कुणाची पाळी, हे कधी ठरवावं लागलं नव्हतं. एकमेकींच्या सवयी त्यांना तितक्या पाठ होत्या.

फुआतिनोनं आपलं दुःख चांगलं सांभाळलं होतं. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेल्या बशीसारखं ते ती पुसून, चकचकीत करून बाहेर काढी. दूर दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटावरच्या त्या गावात नवा माणूस आला की आठवडाभरात त्याला ते ऐकायला मिळे. ते असं होतं:

ती आणि आपेरिला लहानपणापासूनच्या मैत्रिणी. दोघींना विणायला शिकवलं ते फुआतिनोच्या आईनं. मोठेपणी दोघींनी विणकामघरात शेजारी बसून एक मानाची चटई विणायला घेतली. केवड्याच्या पाती इतक्या बारीक चिरलेल्या, की चटई हातात घेतली तर कापड वाटावी. काठाला लाल पिसं. अर्धी बाजू हिची, अर्धी तिची, आणि कामाला तीन वर्षं. ही चटई आईची, तिच्या शेवटच्या दिवशी तिच्यावर घालायची, असं दोघींमध्ये ठरलं होतं. आणि मग आपेरिलाच्या भावाला त्याच्या सासुरवाडीच्या गावात मुखियाचा मान मिळाला, तेव्हा आपेरिलानं कुणाला न विचारता ती चटई गुंडाळली आणि त्या समारंभात देऊन टाकली. पुढं दोन महिन्यांत आई गेली. तिच्या शवपेटीवर घातली ती नणंदेकडून मागून आणलेली चटई, आणि तिचा एक कोपरा उंदरानं कुरतडलेला होता.

इथं फुआतिनो थांबे. ऐकणारा उसासा टाकी. कोपऱ्याचा उल्लेख कुठं करायचा, हे तिला अनुभवानं नेमकं कळलं होतं.

रविवारी देवळात प्रभूची प्रार्थना चाले, तेव्हा दुसऱ्यांचे अपराध सोडून देण्याच्या ओळीला फुआतिनोला खोकला येई. अगदी त्याच ओळीला दोन बाकं पुढं बसलेल्या आपेरिलाची पांढरी टोपी सैल होई आणि ती दोन्ही हातांनी नीट करावी लागे.

"देवाला तुझ्या घशाची आणि तिच्या टोपीची काळजी लागली असेल," फुआतिनोचा नवरा फेतू एकदा म्हणाला.

"माझा घसा देवानंच केलाय," फुआतिनो म्हणाली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग नवे पाळक आले.

पाळक तरुण होते. ऑकलंडला जाऊन मन मोकळं करण्याचा काहीतरी अभ्यासक्रम करून आले होते आणि येताना पांढरा फळा घेऊन आले होते. पहिल्याच महिन्यात त्यांनी तो वेदीशेजारी उभा केला, त्यावर एका माणसाचं चित्र काढलं आणि त्याच्या छातीत एक काळा गोळा काढला. "हा जुना राग आहे," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात प्रभुभोजन आहे. त्याआधीचा रविवार आपण क्षमेचा रविवार करू. प्रत्येकानं किनाऱ्यावरून एक दगड आणायचा, सगळ्यांसमोर राग सोडायचा आणि दगड इथं ठेवून जायचं."

मंडळीला कल्पना आवडली. गावात स्पर्धा म्हटली की उत्साह येतोच, आणि ही स्पर्धा नाही असं पाळकांनी सांगितलं नव्हतं. आठवडाभर किनाऱ्यावर दगड निवडण्यासाठी गर्दी होती. फार लहान दगड नेला तर राग किरकोळ होता असं दिसेल. फार मोठा नेला तर इतकी वर्षं मनात एवढं घेऊन देवळात येत होतात का, असा प्रश्न. मध्यम दगड तिसऱ्या दिवशीच संपले.

महिला मंडळानं या कामात लक्ष घातलं नसतं तर नवल. मंडळ दर महिन्याला घरोघर तपासणीला जातं. संडास, पिण्याचं पाणी, डासांची डबकी, डुकरांचं कुंपण. ज्या घरात काही चुकलेलं आढळेल त्या घराचं नाव रविवारी देवळात वाचलं जातं. अध्यक्षा सालेवालासीबाईंनी या वेळी तपासणीत एक प्रश्न वाढवला.

"पाणी झाकलेलं?" त्यांनी फुआतिनोच्या ओट्यावर बसून विचारलं.

"झाकलेलं."

"डबकी?"

"नाहीत."

"राग?"

फुआतिनोनं पंख्यानं वारा घेतला. "थोडा असेल."

"थोडा म्हणजे किती? जुना की नवा?"

"जुना. चटईचा."

"अगं बाई, तो अजून आहे का?" सालेवालासीबाई मागं वळून बरोबरच्या बायांना म्हणाल्या, "चटईचा अजून आहे हं." मग पुन्हा फुआतिनोकडे, "रविवारपर्यंत काढून टाक. नाहीतर नाव वाचावं लागेल. आणि तुला कळलंच असेल, आपेरिला बुधवारी चाललीय. ऑकलंडला, लेकीकडे. कायमची."

फुआतिनोला कळलं नव्हतं. समोरच्या घरात काय शिजतं, कोण शिंकतं, कुठली कोंबडी अंड्यावर बसलीय, हे सगळं तिला ठाऊक असायचं, आणि हे ठाऊक नव्हतं. ती पंख्यानं वारा घेत राहिली.

"कायमची?"

"लेक म्हणते, एकटी किती दिवस राहणार तू. तिकीट धाडलंय."

त्या संध्याकाळी फुआतिनोनं रस्त्यापलीकडे नीट पाहिलं. आपेरिलाच्या घरात एक मोठी पेटी उघडी होती. खांबांवर लावलेल्या फोटोंपैकी निम्मे उतरवले होते. फुआतिनोनं उरलेले फोटो दोनदा मोजले. ही काळजीच असावी, असं तिनं ठरवलं: बुधवार आला आणि बाई गेली, तर तिच्याकडून चूक कबूल करून घ्यायची राहून जाईल. समुद्रापलीकडच्या माणसाकडे पाठ फिरवून काय उपयोग?

तेव्हा क्षमा करायची, आणि रविवारीच. ती एकदा सगळ्यांसमोर केली की आपेरिलाला उठावं लागेल, रडावं लागेल, चुकले म्हणावं लागेल. फुआतिनोनं भाषण तयार केलं. लहानसं, सोसलेल्या बाईला शोभणारं. आईचा उल्लेख दोनदा, उंदराचा एकदाच. तिनं ते मागच्या कुंपणाशी डुकरांसमोर म्हणून पाहिलं. डुकरं शेवटपर्यंत उभी राहिली, पण त्याचं कारण हातातली खाद्याची करवंटीही असू शकेल.

दगडही तिनं चांगला निवडला होता. काळा, गुळगुळीत, साधारण ब्रेडफ्रूटएवढा, म्हणजे लहान फणसाएवढा. दोन्ही हातांनी उचलावा लागे, पण दम लागत नसे.

क्षमेच्या रविवारी देऊळ भरलं. सगळ्या पांढऱ्या टोप्या, सगळ्यांच्या मांडीवर दगड. एक मास्तर उठले आणि त्यांनी बस ड्रायव्हरला क्षमा केली. ड्रायव्हरनं उठून विचारलं, कशाबद्दल? मास्तर म्हणाले, ते तुला माहीत आहे. सालेवालासीबाईंनी चिमुकला पांढरा दगड आणला होता. "माझ्या मनात तसं काही राहतच नाही," त्या म्हणाल्या आणि नाव न घेता सहा जणींना क्षमा केली. सहाही जणींनी माना खाली घातल्या. फुआतिनो थांबली होती. शेवटी बोललेलं लोकांच्या लक्षात राहतं.

मग दोन बाकं पुढची टोपी उठली.

"मी बुधवारी जाणार," आपेरिला म्हणाली. तिचा आवाज पहिल्यापासून जाड, खालच्या पट्टीतला. "जाताना मनात काही नेणार नाही. अकरा वर्षांपूर्वी विणकामघरात सगळ्या मंडळासमोर फुआतिनो म्हणाली होती की आपेरिलाची बाजू उन्हात धरली तर चाळणी दिसेल. मी रात्र रात्र बसून विणलं होतं ते. सगळ्या हसल्या. पुढं माझ्या भावाला मान मिळाला त्या दिवशीही ती आली नाही. मला फार लागलं होतं." तिनं दगड फळ्याखाली ठेवला. "मी फुआतिनोला क्षमा केली."

"आमेन," मंडळी म्हणाली. आणि सगळ्यांनी वळून फुआतिनोकडे पाहिलं. क्षमा झालेल्या माणसाकडे पाहतात तसं. मायेनं आणि किंचित वरून.

फुआतिनोच्या मांडीवरचा दगड एकदम जड झाला. आता उठून मीही तुला क्षमा करते म्हणायचं तर ते भांडणात उलट बोलल्यासारखं वाटणार. न उठावं तर सगळं मान्य केल्यासारखं. ती विचार करत होती तोवर पाळकांनी गीत सुरू केलं. त्या दिवशी दगड परत घरी नेणारी गावात ती एकटीच होती.

दुपारच्या जेवणाआधी पाळकबाई पालुसामीची, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांची, ताटली घेऊन मुद्दाम भेटायला आल्या. "किती हलकं वाटत असेल ना आता?" त्यांनी फुआतिनोचा हात हातात घेतला. "क्षमा मिळाली की कसं मोकळं मोकळं होतं."

फुआतिनोनं ताटली घेतली आणि आभार मानले. पाळकबाई रस्त्याला लागल्यावर ती फेतूकडे वळली. "मला क्षमा! मला! माझी चटई तिनं दिली, माझ्या आईवर उंदरानं खाल्लेली चटई घातली, आणि क्षमा मला!"

फेतू खात होता. "चाळणी म्हणाली होतीस?"

"काय?"

"चाळणी. ती म्हणाली ते. अकरा वर्षांत मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात? सहज बोलले होते मी. गंमत."

"सगळ्यांसमोर?"

"विणकामघरात सगळ्याच असतात. एकटीला गाठून गंमत करतात का? आणि खरंच होतं ते. तिची वीण पहिल्यापासून ढिली. डावखुरी आहे, पाती उलट्या कलतात तिच्या."

फेतूनं उत्तराऐवजी पुढचा घास घेतला. चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं हे कौशल्य कमावलं होतं.

सोमवारी दिवसभर फुआतिनोनं चांगला पोशाख धुऊन वाळवला. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली, प्रार्थना झाली, आणि ती शांतपणे म्हणाली, "उद्या पहाटे मी तिच्या दारात चटईखाली बसणार."

फेतूला ठसका लागला. "अगं, ते खुनासाठी असतं!"

"खुनासाठीच असं कुठं आहे?"

"गाडीखाली माणूस मेला, मारामारीत कुणाचा जीव गेला, तर अपराध्याच्या घरातला मुखिया जाऊन बसतो. डोक्यावर मानाची चटई, पुढ्यात लाकडं आणि दगड. म्हणजे आम्ही तुमचे गुन्हेगार, हवं तर भट्टी लावा आणि आम्हाला भाजा. चाळणी म्हटल्याबद्दल कुणी बसलेलं माझ्या ऐकण्यात नाही."

"मग नम्रपणात मी पहिली."

तिनं सगळा हिशेब केला होता. ती चटईखाली बसली की गाव गोळा होणार. आपेरिलाला घराबाहेर येऊन स्वतःच्या हातानं चटई उचलावी लागणार, कारण दुखावलेल्या घरानं चटई उचलली तरच क्षमा होते. आणि वाकून बसलेल्या म्हाताऱ्या मैत्रिणीवरून चटई उचलताना, तीही मानाची, तिला काही आठवल्याशिवाय राहील? तिला तिथंच रडू फुटेल. नाही उचलली, तर सगळं गाव तिच्या कठोरपणाला नावं ठेवील आणि ती नावं तिच्याबरोबर विमानात बसतील. दोन्हीकडून उत्तर एकच येत होतं. असं गणित फुआतिनोला आवडे.

"मला चांगली चटई आणून दे तुझ्या बहिणीकडून. आणि या वेळी कोपरे बघून घे."

फेतू बहिणीकडे गेला आणि रात्री उशिरा काखेत गुंडाळी मारून आला. गेल्या वर्षी कुठल्यातरी लांबच्या गावच्या मयताला त्याच्या बहिणीच्या घरानं माणसं आणि डुक्कर नेलं होतं, त्याच्या परतफेडीत ती चटई आली होती. तेव्हापासून गादीखाली होती. बहीण म्हणाली होती, यापेक्षा चांगली आमच्याकडे नाही, काम झालं की परत दे.

मंगळवारी उजाडायच्या आधी दोघं रस्ता ओलांडून गेले. आपेरिलाच्या अंगणात फुआतिनो मांडी घालून बसली आणि मान खाली घातली. पुढ्यात फेतूनं सरपणाची मोळी ठेवली, तिच्याशेजारी तो काळा दगड ठेवला आणि तिच्या अंगावर चटई पसरली.

"मी इथंच आहे कोपऱ्याला," तो कुजबुजला. "पाठ दुखली तर सांग."

"जा तू."

चटईखाली अंधार होता आणि केवड्याचा जुना वास. हळूहळू गाव जागं झालं. आधी कोंबडे, मग माणसं.

"अगं, कोण मेलं?"

"कुणी नाही. फुआतिनो बसलीय."

"कशाबद्दल?"

"चाळणीबद्दल."

"अरे देवा. लाकडंसुद्धा आणलीत."

"लाकडं ओली आहेत पण. ही भाजायची नाही."

फुआतिनोनं दात आवळले. मग आपेरिलाच्या ओट्यावर पावलं वाजली. ती ओळखीची होती, डावा पाय किंचित घासणारी. पावलं खाली आली, थांबली. आता, फुआतिनोला वाटलं. पावलं पुन्हा लांब गेली, आणि मग आवाज आला तो झाडूचा.

आपेरिला अंगण झाडत होती. नारळाच्या हिरांचा झाडू सरसर करत जवळ आला, चटईच्या काठाशी हलकेच वळला, तिला वळसा घालून पुढं गेला. दारात कुंडी असावी तसा. बाया खुदकन हसल्या. मग चुलीवर भाजलेल्या कोकोचा वास दरवळला. फुआतिनोनं सकाळपासून काही घेतलं नव्हतं.

तिला कळलं. आपेरिलानंही तेच गणित सोडवलं होतं आणि तिला उत्तर वेगळं आलं होतं. चाळीस वर्षं शेजारी बसून विणलेल्या बाईला नम्रपणातला कावा ओळखता येणार नाही, हे फुआतिनोनं गृहीत कसं धरलं?

सूर्य माडांच्या वर आला. चटई तापू लागली. फुआतिनोनं मान थोडी वर केली, आणि तेव्हा तिला वीण दिसली.

बाहेरून मानाची चटई सलग दिसते. खालून, डोक्यावर ऊन असताना, तशी ती कुणी पाहत नाही, कारण खाली बसलेल्या माणसाची मान खाली असते. फुआतिनोला दिसलं की चटईच्या मधून एक रेघ जाते. रेघेच्या एका बाजूला पाती उजवीकडे कलतात आणि दुसऱ्या बाजूला डावीकडे. अशी चटई जगात एकच होती. ती कोणकोणत्या लग्नांतून, मयतांतून आणि मानपानांतून फिरत, गादीखाली वर्षभर पडून, तिच्याच डोक्यावर आली होती.

डावीकडे कलणारी बाजू गडद होती. घट्ट. एक थेंब उजेड आत येत नव्हता.

उजवीकडे कलणाऱ्या बाजूला मात्र उन्हाचे ठिपके होते. बारीक, पण भरपूर. तिच्या हातांवर, मांडीवर, तिच्या चांगल्या पोशाखावर ते पसरले होते. तिनं हात हलवला, ठिपके हातावरून सरकले. तिनं पुन्हा पाहिलं. मोजमापात चूक झाली असेल म्हणून माणूस पुन्हा पाहतो तसं, मन लावून, बाजू बदलून. निकाल बदलला नाही. डावखुरी आपेरिला होती. चाळणी फुआतिनोची स्वतःची होती.

मग तिला आई आठवली. पण पाहुण्यांना सांगायची ती आई नव्हे. चटई पुरी झाली त्या संध्याकाळी आईनं ती उन्हासमोर धरली होती. फुआतिनोच्या बाजूकडे बराच वेळ पाहिलं, मग काही न बोलता गुंडाळून ठेवली. फुआतिनोला ते कौतुक वाटलं होतं. शेजारी उभ्या आपेरिलानंही पाहिलंच असणार. दुसऱ्या दिवशी भर विणकामघरात फुआतिनो ते वाक्य बोलली, सगळ्या हसल्या, आणि आपेरिलानं तोंड उघडलं नाही. अकरा वर्षांत नाही. परवा देवळात सगळं गाव ऐकत असतानाही नाही.

फुआतिनो बसली होती तशीच बसून राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला काही फरक कळला नसता. पुढ्यात दगड होता, डोक्यावर चटई होती, आणि आता ती खरोखर अपराधी होती. आपण मांडलेलं नाटक आपल्यावरच उलटलं आहे आणि त्यातून उठून जाता येत नाही, हे तिला कळत होतं. उद्या बुधवार होता.

झाडू पुन्हा जवळ आला.

"आपेरिला," ती हळूच म्हणाली.

झाडू थांबला.

"माझी बाजू आहे ती."

"कसली बाजू?" आवाज कोरडा होता. अकरा वर्षांत तिला उद्देशून आलेला पहिलाच.

"चाळणीची. माझी आहे. तुझी घट्ट आहे. इथून दिसतंय."

बाहेर झाडू खाली पडला. मग चटईचा काठ उचलला गेला, आणि उचलून धरण्याऐवजी त्याखालून आपेरिलाचं डोकं आत आलं, मग खांदे, मग गुडघ्यांबद्दल देवाचं नाव घेत उरलेली आपेरिला. काठ मागं पडला.

ती वर पाहत राहिली. "हीच ती?"

"हीच."

"कुठून आली?"

"नणंदेच्या गादीखालून."

आपेरिलानं बोटानं मधली रेघ चाचपली. तिच्या नाकावर उन्हाचा एक ठिपका पडला होता.

"तुला माहीत होतं," फुआतिनो म्हणाली.

"माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस तेव्हा? माझं तोंड बंद केलं असतंस."

"तुझी आई बसली होती तिथं. म्हातारीसमोर तिच्या लेकीची वीण काढू?" आपेरिलानं गुडघा चोळला. "म्हणून मग गुंडाळलेली चटई उचलून घरी नेली आणि भावाला देऊन टाकली. रागानं. म्हातारी इतक्यात जाईल असं मला काय माहीत? मयताच्या दिवशी मी आले होते. मागं माडाखाली उभी होते. तो कोपरा दिसला मला."

"तू आली होतीस?"

"दुसऱ्या दिवशी भावाकडे गेले, परत दे म्हणाले. तोवर ती तीन गावं पुढं गेली होती. कुणाकडे मागणार? तेच लागलं होतं ग मला. चाळणीचं नव्हे. पण ते देवळात उठून कसं सांगायचं?"

फुआतिनोनं भाषण आठवून पाहिलं. त्यातलं एकही वाक्य उपयोगी नव्हतं. "चुकलं माझं," ती म्हणाली, आणि मग दोघी रडल्या. पण आवाज दाबून, कारण बाहेर मंडळ उभं होतं.

बाहेर मोठा पेच पडला होता.

"अपराधी कुठाय?" सालेवालासीबाईंनी विचारलं.

"आत," फेतू म्हणाला.

"आणि क्षमा करणारी?"

"तीही आत."

"मग चटई कोण उचलणार?"

एक वयस्कर मुखिया आले, काठीवर हनुवटी टेकून त्यांनी बराच वेळ चटईकडे पाहिलं आणि म्हणाले, असं आजवर झालेलं नाही, याला बैठक घ्यावी लागेल. पाळक धावत आले. त्यांना वाटलं हे आपल्या रविवारचं फळ आहे आणि ते आपणच उचलावं.

"हात लावू नका, पाळकसाहेब," फेतू म्हणाला. "त्यांनी बोलावलेलं नाही."

"पण आत चाललंय काय?"

फेतूनं कान दिला. "भांडताहेत."

"कशावरून?"

"चटई कोणाच्या अंगावर घालायची यावरून. जी आधी जाईल तिच्यावर, असं ठरलंय. आता कुठली बाजू वर ठेवायची ते चाललंय. फुआतिनो म्हणते, माझी बाजू खाली ठेवा. आपेरिला म्हणते वर, मंडळाला चाळणी दिसू दे."

तेवढ्यात चटईखालून एक डावा हात बाहेर आला आणि हवेत हलला. "फेतू! चुलीवरचा कोको उतरव, उतू जाईल. आणि दोन कप इकडे दे."

नणंदेची समजूत घालायला फेतूला त्या दुपारी एक डुक्कर लागलं. चटई फुआतिनोच्या पेटीत गेली. त्याच संध्याकाळी खास तपासणीत दोन्ही घरांचा राग निघाल्याचं सालेवालासीबाईंनी मान्य केलं, पण कुणी कुणाचा काढला ते कळत नसल्यानं देवळात तसं सांगितलं नाही.

बुधवारी फेरीबोटीच्या धक्क्याकडे जाणारी बस आली. आपेरिलाची पेटी वर चढली. दोघींनी गळामिठी घातली, टोप्या वाकड्या झाल्या. बस सुटल्यावर आपेरिलानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "पण क्षमा आधी मी केली हं! विसरू नकोस!"

फुआतिनोचं तोंड उघडलं. उत्तर सुचलं तेव्हा बस वळणापलीकडे गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगण झाडायला वाकली. रस्त्यापलीकडे रिकामे खांब होते. सवयीनं तिनं पाठ फिरवली, तशीच क्षणभर थांबली, आणि मग झाडू घेऊन रस्ता ओलांडला. आपेरिलाच्या अंगणात ब्रेडफ्रूटची पानं पडली होती. काळा दगड अजून तिथंच होता. कालच्या उत्तरात एखादा तिखट शब्द वाढवत, पुटपुटत, त्या दगडाला वळसा घालून तिनं सगळं अंगण झाडून काढलं.